गिऱ्हाईक बोलतं एक, करतं एक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नवं उत्पादन तयार आहे, पैसे मोजकेच आहेत. ते सगळे जाहिरातीत घालावेत की आधी थोडे मार्केट रिसर्चवर खर्च करावेत? आणि या दोन गोष्टींमुळे कंपनीला ग्राहक ‘कळतो’ असं म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं?

मी पहिली अकरा वर्षं संशोधनात काढली आणि पुढची चौदा जाहिरात एजन्सीत, प्लॅनिंगच्या खुर्चीत. म्हणजे आधी अहवाल लिहायचो, मग तेच अहवाल न वाचणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसलो. उत्तर लांबणार आहे, पण एका प्रसंगापासून सुरू केलं तर सोपं जाईल.

कपडे धुण्याची एक नवी पावडर बाजारात आली होती. नेहमीच्या पावडरीपेक्षा निम्मीच पुरेल अशी. डब्यात प्लॅस्टिकचं माप दिलेलं होतं. सर्व्हेत आम्ही विचारलं, ‘एका वेळी किती पावडर घालता?’ बहुतेक जण म्हणाले, एक माप. कंपनी खूश. पण तक्रारी येतच होत्या: डबा लवकर संपतो, परवडत नाही. शेवटी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि लोकांच्या घरी जाऊन मशीनशेजारी नुसतं उभं राहायचं ठरवलं. तिसऱ्या की चौथ्या घरी एका बाईंनी मला पुन्हा ठामपणे सांगितलं, “एकच माप घालते मी,” आणि बोलता बोलता डबा वाकडा करून पावडर थेट मशीनमध्ये ओतली. मशीन चालू केलं, झाकण उघडून आत पाहिलं, आणखी थोडी ओतली. माप कुठे आहे विचारलं, तर ते खिडकीच्या कट्ट्यावर होतं. त्यात शर्टाची तुटलेली बटणं आणि एक सेफ्टी पिन.

“फेस आला पाहिजे ना,” त्या म्हणाल्या.

नव्या पावडरीचा फेस मुद्दाम कमी ठेवलेला होता. आणि खरी गंमत पुढे आहे. टीव्हीवर चालू असलेल्या जाहिरातीत आम्हीच काठोकाठ भरलेला पांढराशुभ्र फेस दाखवला होता. कारण तो पडद्यावर छान दिसतो! म्हणजे डब्यावर ‘निम्मी घाला’ असं लिहिलेलं आणि जाहिरातीत ‘फेस येईपर्यंत घाला’ असं दाखवलेलं. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबी त्या मापानेच घालत होत्या, फक्त त्यांचं माप फेस हे होतं. जाहिरात बदलली, फेसाऐवजी खळबळल्यानंतरचं नितळ पाणी दाखवलं, तेव्हा कुठे तक्रारी उतरायला लागल्या.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या प्रसंगातच आहे. लोक तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. तुम्हाला जे जाणून घ्यायचं होतं त्याचं उत्तर देतात असं नाही. या धंद्यातल्या बहुतेक महागड्या चुका याच फटीतून आत शिरतात. संशोधनात शिरतात, जाहिरातीत शिरतात आणि जाहिरात चालली की नाही हे मोजताना तर सर्रास शिरतात.

याची जुनी आणि अजूनही शिकण्यासारखी दोन उदाहरणं आहेत. इन्स्टंट कॉफी नवीन होती तेव्हा अमेरिकेत अनेक गृहिणी ती घेत नव्हत्या. का, असं विचारलं की उत्तर यायचं, चव आवडत नाही. मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये वेगळ्या वाटेने जायचं ठरवलं. त्याने वाणसामानाच्या दोन याद्या केल्या. दोन्ही हुबेहूब सारख्या, फरक एकच: एकीत नेसकॅफेची इन्स्टंट कॉफी, दुसरीत नेहमीची दळलेली. मग बायकांच्या दोन वेगळ्या गटांना एकेक यादी देऊन विचारलं, ही यादी करणारी बाई कशी असेल? इन्स्टंट कॉफीची यादी वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणींनी तिला आळशी ठरवलं. दुसऱ्या यादीतल्या बाईला तसं म्हणणाऱ्या अगदी तुरळक. अडचण चवीची नव्हतीच, ‘लोक मला काय म्हणतील’ याची होती. पण थेट विचारल्यावर असं कोण कबूल करणार? ‘चव आवडत नाही’ हे सभ्य उत्तर आहे. सभ्य उत्तर मिळालं की संशोधकाने सावध व्हायचं असतं.

दुसरं उदाहरण कोका-कोलाचं. १९८५ च्या एप्रिलमध्ये कंपनीने आपल्या पेयाची चव बदलली. त्याआधी जवळपास दोन लाख लोकांवर चवीच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि नव्या चवीला पसंती मिळाली होती. तरी लोकांनी असा गदारोळ केला की ७९ दिवसांत जुनं पेय परत आणावं लागलं. चाचण्या फसव्या नव्हत्या. घोटभर पिऊन कुठलं बरं लागतं, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं होतं. पण कंपनी निर्णय घेत होती तो ‘तुमचं नेहमीचं काढून घेतलं तर चालेल का’ याचा. दोन लाख माणसांना चुकीचा प्रश्न विचारला की दोन लाख पट पक्की चूक हाताला लागते.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर नमुन्याबद्दल, म्हणजे आम्ही ज्याला सॅम्पल म्हणतो त्याबद्दल. नव्या क्लायंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती लोकांना विचारणार?’ कोणाला विचारणार हे फार थोडे विचारतात. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून अंदाज दिला की रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. पत्ते काढले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्या हाती पैसा होता त्यांचे! त्यात पुन्हा मतपत्रिका भरून परत पाठवण्याइतका उत्साह कोणाला होता, हाही प्रश्न होताच. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून बरोबर अंदाज दिला.

हिशेब असा: नमुना यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडला असेल तर १००० लोकांच्या सर्व्हेत उत्तर खऱ्या आकड्यापासून फार तर सुमारे ३ टक्के इकडे-तिकडे असतं, तेही ९५ टक्के खात्रीने. ४०० लोकांत ही चूक जवळपास ५ टक्के होते. आणि ३ ची १.५ करायची तर लोक चौपट लागतात, दुप्पट नव्हे. म्हणून एका टप्प्यानंतर संख्या वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात. तेच पैसे योग्य माणसं शोधण्यात घाला. सध्या सोशल मीडियावर पोल टाकून ‘बाजाराचा कौल’ जाहीर करण्याची पद्धत आहे. आपल्याला फॉलो करणाऱ्यांनी आपल्याला चांगलं म्हटलं, एवढंच त्यातून कळतं. लिटररी डायजेस्टचं भूत, नवे कपडे घालून आलेलं.

आता प्रश्न कसे विचारायचे. ‘हे उत्पादन तुम्ही विकत घ्याल का?’ हा प्रश्न मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला. समोर चांगल्या कपड्यातला माणूस वही घेऊन बसलाय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून लोक ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. शेवटचं कधी घेतलं? कुठे? बरोबर कोण होतं? हवं ते नव्हतं तेव्हा काय केलं: दुसरं घेतलं, थांबलात की रिकाम्या हाताने परत आलात? त्याआधी काय वापरत होता, आणि ते सोडलं तो दिवस आठवतो का? भविष्याबद्दल माणूस मोकळेपणाने थापा मारतो, स्वतःलासुद्धा. भूतकाळाबद्दल मारायची तर जरा कष्ट पडतात.

‘हे स्वस्त आणि टिकाऊ वाटतं का?’ यासारखे जोडप्रश्नही नकोत. ‘नाही’ आलं तर ते स्वस्ताला की टिकाऊला, कोणास ठाऊक. आणि क्रम सांभाळा. आधी दहा प्रश्न सुरक्षिततेवर विचारून अकरावा ‘खरेदी करताना सर्वांत महत्त्वाचं काय?’ असा टाकलात तर उत्तर ‘सुरक्षितता’ हेच येणार. असे अहवाल मी पाहिलेत. जाड पुठ्ठ्यात बांधलेले असतात.

फोकस ग्रुपबद्दल दोन शब्द, कारण एजन्सी पहिल्यांदा तोच विकते. आठ माणसं टेबलाभोवती, चर्चा चालवणारा मॉडरेटर, एकाच बाजूने दिसणाऱ्या आरशामागे क्लायंट चहा पीत बसलेला. लोक कोणते शब्द वापरतात, कशावर हसतात, कशावर गप्प होतात हे ऐकायला ही जागा सोन्यासारखी आहे. ‘आठपैकी सहा जणांना आवडलं’ असं मोजायला बिलकूल नाही. एक मोठ्याने बोलणारा असला की बाकीच्यांतले पाच त्याच्या मागे जातात. आरशामागे एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याने पहिल्याच वीस मिनिटांत, एका माणसाच्या एका वाक्यावरून, पॅकचा रंग बदलायचं ठरवलं होतं. पुढचे तीन ग्रुप आम्ही केले, पण ते फक्त बिल लावण्यापुरते.

संशोधनातून हाती काय यायला हवं? माझ्या मते जास्तीत जास्त अर्धं पान. कोण घेतं, कोणत्या प्रसंगी घेतं, त्याऐवजी दुसरं काय घेऊ शकलं असतं, आणि आडवं काय येतं. शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित. पुष्कळदा आडवी येणारी गोष्ट जाहिरातीने सुटणारीच नसते: झाकण उघडत नाही, दुकानात माल मिळत नाही, रक्कम हप्त्याने भरता येत नाही. तसं निघालं तर जाहिरातीचे पैसे वाचले म्हणा आणि तिकडे वळवा. एजन्सीत बसून मी हे सांगतोय, म्हणजे माझं नुकसान लक्षात घ्या.

या अर्ध्या पानावरून जाहिरातीचा ब्रीफ, म्हणजे जाहिरात करणाऱ्यांना द्यायचा कागद, तयार होतो. त्यात ‘२५ ते ४५ वयोगट, शहरी, आधुनिक विचारांचे’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, संशोधन वाया गेलं. त्या वर्णनात शेजारी राहणारी, एकमेकांशी काही साम्य नसलेली दोन माणसं बसतात. उलट ‘रात्री उशिरा घरी आल्यावर, उद्याचे कपडे धुतलेले नाहीत हे आठवलेला माणूस’ असं लिहिलं तर लेखकाला दृश्य दिसतं आणि जाहिरात कुठे, कधी दाखवायची हे ठरवणाऱ्या मीडिया प्लॅनरला वेळ कळते. वयापेक्षा प्रसंग जास्त उपयोगी पडतो.

जाहिरात काम कशी करते याबद्दल लोकांच्या डोक्यात एक चित्र असतं: माणूस जाहिरात पाहतो, पटतं, उठतो, खरेदी करतो. असं क्वचितच होतं. जाहिरात पाहणाऱ्या बहुतेकांना त्या क्षणी काहीच घ्यायचं नसतं. जाहिरातीने करायचं ते एवढंच, की गरज पडेल तेव्हा पहिल्या दोन-तीन नावांत आपलं नाव आठवावं आणि समोर दिसल्यावर ओळखू यावं. ‘आवडावं’ हा त्याचा पुढचा भाग.

ओळखू येणं किती महत्त्वाचं असतं हे ट्रॉपिकानाला २००९ मध्ये कळलं. अमेरिकेत त्यांनी रसाच्या खोक्याचं जुनं चित्र, संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ, काढून टाकलं आणि नवं, स्वच्छ, आधुनिक डिझाइन आणलं. आतला रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्के घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. लोकांना ते नुसतं नावडलं एवढंच झालं नाही. रांगेतल्या खोक्यांत आपलं नेहमीचं कुठलं हेच अनेकांना समजेना. टेबलावर ठेवून ‘हे डिझाइन कसं वाटतं?’ असं विचारलं तर कोणीही ‘छान’ म्हणेल. ‘या चाळीस खोक्यांतून तुमचं नेहमीचं उचला’ असं सांगून घड्याळ लावलं असतं तर निकाल निराळा आला असता, असं मला वाटतं. पुन्हा तेच: प्रश्न कोणता विचारला?

मग पोचायचं कोणापर्यंत? इथे माझं मत बऱ्याच डिजिटलवाल्यांना पटत नाही. मार्केटिंगचे अभ्यासक अँड्र्यू एहरेनबर्ग यांनी कित्येक दशकं खरेदीच्या नोंदी तपासल्या. त्यांतून एक गोष्ट वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वस्तूंत पुन्हा पुन्हा दिसते: लहान ब्रँडचे ग्राहक कमी असतात, आणि ते ग्राहक निष्ठेतही थोडे कमीच असतात. दुहेरी मार. ‘आमचे ग्राहक थोडे, पण जीव टाकणारे’ हे बहुतेकदा मनाचं समाधान असतं. मोठं व्हायचं तर जे आज क्वचित घेतात किंवा अजिबात घेत नाहीत, अशा पुष्कळ लोकांपर्यंत जावं लागतं. त्यामुळे टार्गेटिंग, म्हणजे जाहिरात कोणाला दिसावी याची निवड, इतकं बारीक करू नका की जो तसाही घेणारच होता त्यालाच दिवसातून नऊ वेळा जाहिरात दिसेल. अर्थात तुमचं उत्पादन शस्त्रक्रियेचं उपकरण असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शंभर योग्य माणसं पुरतात.

दीर्घकाळ नाव रुजवणं आणि आजची विक्री काढणं, यांत पैसा कसा वाटायचा? जाहिरातींच्या परिणामांचे अभ्यासक लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांनी ब्रिटनमधल्या शेकडो मोहिमांच्या नोंदींवरून साधारण ६० टक्के नाव रुजवायला आणि ४० टक्के तातडीच्या विक्रीला, असं प्रमाण मांडलं. ते सरासरीचं आहे, धंद्यानुसार हलतं. नव्या कंपनीला पहिल्या वर्षी ते परवडेलच असं नाही. पण सगळेच्या सगळे पैसे सवलतीच्या जाहिरातींवर घालणाऱ्यांची तीन वर्षांनी काय अवस्था होते ते मी पाहिलंय: सवलत थांबली की फोन थांबतो.

आता मोजमाप. हा भाग जरा नीट वाचा, कारण इथे पैसे सर्वांत शांतपणे जातात. ऑनलाइन जाहिरातीचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड सांगतो, ‘जाहिरातीवर क्लिक करून इतक्या जणांनी खरेदी केली.’ तुम्हाला हवं असतं ते वेगळं: जाहिरात नसती तर यांतल्या किती जणांनी खरेदी केली नसती? ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीत अर्थतज्ज्ञांनी हे करून पाहिलं. त्यांचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ईबे’ हा शब्द शोधणाऱ्यांना सर्च इंजिनवर दिसणारी पैसे देऊन लावलेली जाहिरात त्यांनी बंद केली. बंद केल्यामुळे जे क्लिक जायला हवे होते त्यांतले ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच. सरळ आहे: जो नाव टाइप करून शोधतोय तो आधीच दारात उभा आहे. ईबेचं नाव सगळ्यांना माहीत होतं, तुमचं नसेल, म्हणून आकडा जसाच्या तसा उचलू नका. पद्धत मात्र उचला. सारखी विक्री असलेले प्रदेश निवडा, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांत जाहिरात चालवा, अर्ध्यांत सहा आठवडे बंद ठेवा, मग विक्री ताडून बघा. याला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती हिंमत, कारण मार्केटिंगच्या माणसाला सहा आठवडे निम्मी जाहिरात बंद ठेवायला सांगणं म्हणजे त्याच्या ताटातली भाजी उचलण्यासारखं असतं.

जाहिरातीला जादू समजणारे मला अजूनही विचारतात, ते पडद्यावर क्षणभर संदेश चमकवायचं तंत्र खरं आहे का? १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या संशोधकाने दावा केला होता की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्याला जाणवणारही नाहीत असे संदेश चमकवून त्याने पॉपकॉर्न आणि कोकची विक्री वाढवली. पाच वर्षांनी त्यानेच कबूल केलं की हाताशी असलेली माहिती काही सिद्ध करण्याइतकी नव्हती. दावा सगळ्यांनी ऐकला, कबुली कोणी ऐकली नाही.

माहिती गोळा करताना परवानगीचं भान ठेवा. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ‘या ॲपला मागोवा घेऊ द्यायचा का?’ असं थेट विचारायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या माहितीवर उभे असलेले मीडिया प्लॅन डळमळले. ग्राहकाने स्वतःहून, कशासाठी ते समजून दिलेली माहिती थोडी असली तरी टिकते.

तर तुमच्या पैशांचं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर एकूण रकमेचा दहावा भाग बाजूला काढला असता आणि एजन्सीकडे जाण्याआधी पंधरा माणसांना स्वतः भेटलो असतो. पाच, ज्यांनी तुमचं उत्पादन वापरून पाहिलंय. पाच, जे प्रतिस्पर्ध्याचं वापरतात. आणि पाच, जे या प्रकारची वस्तू घेतच नाहीत पण त्यांना तिची गरज आहे. त्यांच्या जागी जा, आपल्या ऑफिसात बोलवू नका. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. स्वतःच्या उत्पादनाचं कौतुक करायचा मोह आवरा. ते अवघड जातं, मलाही जायचं. त्यानंतर तुमच्या तक्रारींची वही आणि परत आलेल्या मालाच्या नोंदी काढून बसा. तिथे लोक सभ्य उत्तरं देत नाहीत.

एवढं झाल्यावर मोठ्या सर्व्हेची गरज आहे असं वाटलं तर कोटेशन जरूर मागवा. पण सही करण्याआधी प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलने लिहा: उत्तर ‘हो’ आलं तर आपण काय करणार, ‘नाही’ आलं तर काय करणार. दोन्हीकडे एकच गोष्ट लिहिली गेली तर तो प्रश्न खोडा. माझ्या अनुभवात चाळीस प्रश्नांच्या प्रश्नावलीतले बारा-पंधरा उरतात, आणि बिलही त्याच बेताने खाली येतं.